मलकपेठेतील इंग्रजीचा तास आणि ध्वनिमुद्रक

माध्यमिक शाळेतील इंग्रजीच्या अध्यापनात तंत्रज्ञान म्हटले की आधी पडदा डोळ्यांपुढे येतो, आणि तेलंगणातील सरकारी शाळांत ते आलेही तसेच. 2016 मध्ये डिजिटल वर्ग सुरू झाले आणि कोरोनाकाळात, 1 सप्टेंबर 2020 पासून, दूरदर्शन यादगिरी व राज्य शासनाच्या टी-सॅट वाहिन्यांवरून पाठ दाखवले जाऊ लागले. पाठ नेटके होते, परंतु त्यांत बोलणारा एकटा शिक्षकच असे.

मलकपेठेतील एका शाळेत नववीला इंग्रजी शिकवताना प्रस्तुत लेखिकेला अधिक उपयोग झाला तो मोबाइलमधील साध्या ध्वनिमुद्रकाचा. वर्गातल्या मुलांच्या घरी दखनी, तेलुगू किंवा मराठी बोलली जाई आणि घरच्या भाषेची छाप इंग्रजीवर वेगवेगळी पडे: दखनी बोलणाऱ्यांचे ‘इस्कूल’ होई, तेलुगूभाषक शेवटी उकार लावून ‘बसु’ म्हणत, तर मराठी मुले ‘शिप’ आणि ‘शीप’ यांतील ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहज पुसून टाकत. अशी चूक शिक्षकाने दाखवली तरी मुलाला ती पटतेच असे नाही, कारण बोलताना त्याचे लक्ष उच्चाराकडे नसून अर्थाकडे असते. तोच उतारा मुद्रित करून परत ऐकवल्यावर मात्र ‘मैं ऐसा बोलरा क्या?’ हा प्रश्न आपसूक येई आणि न सांगता दुसरे वाचन सुरू होई. नलगोंडा चौरस्त्यावरचे हॉर्न खिडकीतून मुद्रणात शिरत, म्हणून मुले जिन्याखाली जाऊन वाचत. मागच्या बाकावरच्या अबोल मुलींना तो आडोसा विशेष मानवला, हा लाभ कोणत्याही प्रशिक्षणवर्गात शिकवला जात नाही.

पुढे बोललेले आपोआप लिहून देणारी सोय, म्हणजे व्हॉइस टायपिंग, वापरून पाहिली, तेव्हा तिची एक खोच लक्षात आली. हे तंत्र केवळ ध्वनी ओळखत नाही, तर मागच्या-पुढच्या शब्दांवरून संभाव्य शब्दाचा अंदाजही बांधते, त्यामुळे समुद्राविषयीच्या वाक्यात मुलाने ‘शीप’ म्हटले तरी पडद्यावर जहाजच उमटण्याचा संभव असतो आणि सदोष उच्चार निर्दोष ठरतो. म्हणून वाक्यांऐवजी सुटे शब्द, तेही जवळच्या उच्चारांच्या जोड्यांनी, म्हणवून घेतले जाऊ लागले. त्यातही यंत्राने लिहिलेला शब्द अंतिम न मानता शेजारच्या मुलाला काय ऐकू आले, ते आधी वहीत लिहून घेतले जाई.