लळिंगच्या वाटेवर गाडीतली रात्र

धुळ्याजवळ लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे. १९३७ साली कोर्टाच्या कामासाठी धुळ्यास आले असता डॉ. बाबासाहेब आंबेडकर या बंगल्यात थांबले होते. त्या आठवणीखातर दरवर्षी ३१ जुलैला खानदेशातील बौद्ध बांधव तेथे जमतात.

गेल्या साली आदल्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर आम्ही जळगावहून एकटेच गाडी घेऊन निघालो. एरंडोल, पारोळा मागे पडले, पावसाने जोर धरला आणि डोळे मिटू लागले. झोपेला जिद्द दाखवू नये, म्हणून एका पेट्रोल पंपावर वळलो. रात्रपाळीच्या मुलाला म्हटले, "गाडीत झोपू का?" त्याने गाव विचारले, मग आडनाव विचारले. छातीत क्षणभर धस्स झाले. पण आम्ही खरे तेच सांगितले. तो म्हणाला, "झोपा काका, पण दिव्याखाली लावा."

झोप मात्र लगेच आली नाही. आठवला १९०१ सालचा मसूर ते गोरेगाव हा प्रवास. नऊ-दहा वर्षांचे भीमराव, थोरले बंधू आणि दोन भाचे वडिलांकडे निघाले होते. गाडीवानाने दुप्पट भाडे घेतले, तरी बैल मुलांनाच हाकावे लागले. रात्री टोलनाक्यावर पाण्यासाठी जात लपवून मुसलमान असल्याचे सांगितले, तरी पाणी मिळाले नाही. डबा असून मुले उपाशी राहिली. बैल सोडून ती गाडीतच आडवी झाली. त्यांनी ठरविले, दोघांनी झोपायचे, दोघांनी जागायचे. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

आपले अनेक बांधव टेम्पो, रिक्षा, ट्रक चालवतात, रात्री-बेरात्री एकटे असतात. पाळीने जागायला दुसरा कोणी नसतो. म्हणून काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. गाडी रस्त्याच्या कडेला किंवा उभ्या ट्रकमागे लावू नये; उजेडात, माणसांच्या वर्दळीत, विचारून लावावी. पावसात नाल्याकाठी व झाडाखाली थांबू नये. काचा लावून इंजिन वा एसी चालू ठेवून मुळीच झोपू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. इंजिन बंद करून दोन्ही बाजूच्या काचा दोन बोटे खाली ठेवाव्यात. दारे आतून लावावीत, किल्ली हाताशी असावी, गाडीचे तोंड रस्त्याकडे असावे. घरी फोन करून ठिकाण सांगावे. अडचणीत ११२, महामार्गावर १०३३ नंबर लावावा. आणि दारूला शिवू नये, पंचशील आपल्याला तेच सांगते.

सकाळी तो मुलगा पाण्याची बाटली घेऊन आला. टोलनाक्यावरच्या त्या चार मुलांना न मिळालेले पाणी आम्हाला न मागता मिळाले. हे आपोआप घडलेले नाही, बांधवांनो! त्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागला, संविधान लिहावे लागले. असा मिळालेला जीव झोपेच्या एका डुलकीत घालवू नये. तथागतांनी सांगितलेला अप्रमाद, म्हणजे सावधपणा, गाडीच्या चाकावरही पाळायचा असतो.

आठच्या सुमारास आम्ही लांडोर बंगल्यावर पोहोचून वंदन केले. जय भीम!