गोदाकाठचा बुधवार

विद्यापीठाच्या कामानिमित्त नाशिकला माझे अनेकदा जाणे झाले. परंतु मोकळा बुधवार हाती लागण्याचा योग एकदाच आला. पाठलेखनाची बैठक दुपारी संपली. परतीच्या गाडीला रात्रीपर्यंत अवकाश होता. खांद्याला पिशवी लावून मी गोदाघाटाकडे निघालो. बुधवारी तेथे आठवडी बाजार भरतो, हे ऐकून होतो.

सराफ बाजार, भांडी बाजार मागे टाकून उतरणीला लागलो की आवाज आधी येतो आणि बाजार नंतर दिसतो. गाडगे महाराज पुलाच्या परिसरात नदीकाठच्या मोकळ्या जागेत पाले उभी होती. कुठे मिरच्यांच्या राशी, कुठे विळे-खुरपी, कुठे टोपल्या, कुठे सुकी मासळी. अलीकडे नारोशंकराचे मंदिर, दुतोंड्या मारुती. गोदावरीचा पूर किती चढला हे नाशिककर या मारुतीच्या अंगावरून सांगतात: पाणी कमरेला, छातीला, गळ्याला. २ ऑगस्ट २०१६ च्या पुरात पाणी सराफ बाजारापर्यंत शिरले होते. नदी चढली की बाजार उठतो आणि ओसरली की पुन्हा त्याच जागी भरतो. कोणाचे पाल कोठे, हे कोणत्याही पाटीवर लिहिलेले नसते. तरी ते सर्वांना ठाऊक असते.

थायलंडमध्ये सुफान बुरी प्रांतात ता चिन नदीच्या काठी सामचुक नावाचा शंभर वर्षांहून जुना बाजार आहे. तेथे माल नावांतून येई, म्हणून पेठ पाण्याला लागून वाढली. रस्ते झाले तसा तिचा व्यापार ओसरला. पुढे रहिवाशांनीच ती लाकडी पेठ जपली आणि २००९ मध्ये युनेस्कोने त्या प्रयत्नाचा गौरव केला. आपल्या गोदावरीतून नाशिकला मालाच्या नावा येत नाहीत. येथे नदीने बाजाराला दिली ती मोकळी जागा आणि घाटावर येणारी माणसे. सामचुकला लाकडी घरे तरी जपता आली. आपल्या आठवडी बाजाराला भिंतीच नाहीत. संध्याकाळी तो गुंडाळला जातो. मग त्यात जपण्याजोगे उरते ते काय? भाषेच्या अभ्यासकाला या प्रश्नाचे उत्तर सुचायला हवे होते. मला ते फार उशिरा सुचले.

माझे गाव बीबी. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातले, मेहकरहून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. वडील बाजारकरू होते. मिरची, हळद, धणे आणि आईने घरी कुटलेला मसाला घेऊन ते गावोगावचे बाजार करीत: बीबी, सुलतानपूर, लोणार, पैनगंगेकाठचे मेहकर. त्यांचा आवाज खणखणीत होता. "काया मसाला! घ्या काया मसाला!" ही हाक बाजाराच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई.

एम. ए. होऊन मी नुकताच गावी आलो होतो. प्रमाण मराठीचा नवा अंगरखा अंगावर होता. बीबीच्या बाजारात वडिलांशेजारी बसलो असताना त्यांनी हाक दिली आणि मी चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "बाबा, काया म्हणजे शरीर. काळा म्हणा, काळा."

गिऱ्हाइके हसली. वडीलही हसले. "बरं, मास्तर," एवढेच म्हणाले. त्यानंतर मी बाजारात बरोबर असलो की ते हाक देत नसत. समोर कोणी थांबले तर तराजू उचलीत; न थांबले तर बसून राहत. त्यांनी ती हाक का थांबवली हे मी विचारले नाही, कारण मला ते ठाऊक होते.

पुढे भाषाविज्ञानात पीएच. डी. केली. वऱ्हाडीत 'ळ'च्या जागी 'य' येतो आणि तो नेमाने येतो, हे मी वर्गात फळ्यावर लिहून शिकवू लागलो: डोळा-डोया, माळी-मायी, शाळा-शाया, काळा-काया. जे इतक्या नेमाने घडते, ती चूक नसून व्यवस्था असते, हेही सांगू लागलो. पण ज्यांना ते सर्वांत आधी सांगायला हवे होते, त्यांना सांगायचे राहिले. वडील गेले तेव्हा मी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत होतो.

त्या बुधवारी गोदाकाठी मिरच्यांच्या ओळीतून जात असताना कानावर पडले, "काया मसाला! काया मसाला घ्या!"

मी थबकलो. पालाखाली साठीची एक बाई बसली होती. वाटले, आपल्याकडचीच. जवळ जाऊन विचारले, "कोन्या गावची वो माय?" तिने मान वर केली. "आम्ही धुळ्याकडले, भाऊ." भाव विचारला, थोडी घासाघीस केली, तेव्हा तिच्या तोंडून शब्द आला, "माले". आमच्याकडे 'मले' म्हणतात. 'माले' म्हणजे अहिराणी. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणात वऱ्हाडी मराठीच्या सातव्या खंडात (१९०५) आहे, तर खानदेशी नवव्या खंडात. ग्रंथालयात मी या दोन्ही खंडांत पुष्कळ वर्षे घालवली होती. दोन खंडांत विभागलेल्या त्या बोलींमधला एकच 'य' मला एका पालाखाली भेटला.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कित्येक जण दुकान, शेत, बाजार सांभाळून ही पुस्तिका वाचत असाल. प्रमाण भाषा अवश्य शिका. ती परीक्षेला, अर्जाला, ग्रंथाला लागते. मात्र ती शिकताना घरातला कोणता आवाज बंद होतो आहे का, याकडे कान असू द्या.

मी पाव किलो मसाला घेतला. बाईने कागदात बांधून दिला आणि मी पुढे निघण्याआधीच पुन्हा हाक दिली. मी मुद्दाम बाजाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो. तेथेही ती ऐकू येत होती.

दुसऱ्या दिवशी बीबीला पोहोचलो. आईने पुडी हातात घेऊन वास घेतला.

"काय आणलं रे?"

"काया मसाला," मी म्हणालो.

आईला त्यात वेगळे काही वाटले नाही. तिने डबा काढला आणि मसाला भरून ठेवला.