मंगळवेढ्याची काळी

पंढरपुराहून निघालेल्या सायकलस्वाराच्या मागे भीमेकाठचा ऊस राहिला, की मंगळवेढ्याच्या शिवारात पौषातली ज्वारीच ज्वारी दिसू लागते. मोटारीतून धावणाऱ्याच्या नजरेस न पडणारी एक गोष्ट त्याला दिसते: भुईला हात जाईल एवढ्या भेगा आणि त्यांतून उभी राहिलेली पुरुषभर ताटे! बहुतेक शेतांना पाटाचे पाणी नाही. भाद्रपद-आश्विनात काळीने पोटात धरलेल्या ओलीवरच हे पीक पोसते. या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले, हे योग्यच. पण पाऊस चुकला, की कणगी रित्या. दुष्काळात बादशाही कोठारे भुकेल्यांना खुली करणाऱ्या दामाजीपंतांची कथा याच गावची. तरीही आगटीवर हुरडा भाजणारा शेतकरी बांधावरून हाक देतो, “या पाव्हणं!” आणि पहिली ओंजळ त्या अनोळखी वाटसरूच्या हातावर ठेवतो.