शालूची घडी

शालूवर मठ्ठ्याचा शिंतोडा उडाला तर निदान दिसतो तरी. कुणीतरी ओलं फडकं घेऊन धावतं. लिंबाच्या सरबताचा थेंब मात्र रेशमात मुरतो, वाळतो आणि दिसेनासा होतो. शालू तसाच ट्रंकेत जातो. पुढे पुतणीच्या लग्नाला घडी मोडावी, तर निऱ्यांवर तांबूस ठिपके! ते नंतर कुठून आलेले नसतात. साखर तिथेच होती, वर्षं लोटली तशी तपकिरी होत गेली. घामाचंही असंच. म्हणून लग्न उरकलं की शालू आधी स्वच्छ करून घ्यावा, मगच आठवण म्हणून जपावा.

हळदीची तऱ्हा उलटी. साबण लागताच तिचा डाग लालभडक होतो आणि घरभर आरडाओरडा होतो. खरं तर हळदीचा रंग कच्चा, उन्हात उडून जाणारा. पण ते ऊन रेशमालाही खातं, आणि खाल्लेलं परत देत नाही. वस्तुसंग्रहालयांत जुन्या वस्त्रांवर साधारण 50 लक्सहून जास्त उजेड पडू देत नाहीत. तिथला अंधूकपणा कंजूषपणाचा नसतो. आपल्याकडे मात्र पावसाळा संपला की कपड्यांना ऊन दाखवायची रीत. सुती गोधड्यांना ती ठीक आहे. शालूला सावलीतला कोरडा वारा पुरे.

खरा घात घडीत असतो. जुनी अस्सल जर म्हणजे रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. वर्षानुवर्षं एकाच जागी मोडलेल्या घडीवर बोट फिरवून पाहा, जुन्या पापडासारखी करकर लागते. तार तिथे वाकते, तुटते आणि तिची धार आतल्याच रेशमाला कापते. म्हणून फाटणारी पैठणी बहुतेकदा घडीच्या रेषेवरच फाटते. अधूनमधून घडी बदलायची, वळणात मऊ कापडाची गुंडाळी ठेवायची, एवढाच त्यावर इलाज. हँगरला टांगणं तर नकोच. जरीच्या पदराचं ओझं सगळं अंग खाली ओढत राहतं.

जर काळी पडते त्याला चांदी जबाबदार. हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी तिचं जमतं आणि वर काळा थर चढतो. असा गंधक रबरातून येतो, काही पुठ्ठ्यांतून येतो, लोकरीतूनही येतो. लग्नातली शाल आणि शालू प्रेमाने एकाच गाठोड्यात बांधणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. शिवाय लोकरीला लागलेली कसर रेशमाला सोडत नाही.

बांधायचं कशात? दुकानातून मिळणारी झिपची प्लास्टिकची पिशवी दिसते देखणी, पण आत कोंडलेली ओल बुरशीला आमंत्रण देते. त्यापेक्षा जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती धोतर बरं. त्यातली खळ केव्हाच गेलेली असते, आणि पावसाळी हवेतली थोडी ओल ते स्वतः पिऊन घेतं. महागड्या आम्लरहित कागदाचं बरंचसं काम आमच्या आज्या धोतराकडून करून घेत होत्या. डांबरगोळ्यांच्या बाबतीत मात्र त्यांचं ऐकू नये. ती वाफ रेशमालाही बरी नाही आणि आपल्या छातीलाही.

इतकं करूनही रेशीम जरीच्या आधीच थकतं. मग काठपदर उसवून नव्या अंगाला लावतात. वस्त्रसंवर्धक यावर कपाळाला हात लावतील, कारण त्यांच्या लेखी ती साडी म्हणजे दस्तऐवज, त्यातला एक टाकाही हलता कामा नये. मी या बाबतीत घरातल्या बायकांच्या बाजूची. कित्येक पैठण्या जाळून त्यांची चांदी गाळली गेली; त्यापुढे सुई-कात्री परवडली. पण तोच पदर काचेच्या चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगायची जी नवी हौस निघाली आहे, ती मला पटत नाही. तिथे तो दिवसभर उजेडात, रात्री दिव्याखाली, आणि एकदा डिंकाने डकवला की कुठल्याच मुलीच्या खांद्यावर येण्याजोगा राहत नाही.