एका गिकुयू नाटकाची भीती

१९७७ साली केनियाच्या वाङ्मयात थोड्या अंतराने दोन संहिता अवतरल्या. न्गुगी वा थिओंगो यांची ‘पेटल्स ऑफ ब्लड’ ही इंग्रजी कादंबरी जुलैमध्ये नैरोबीत प्रसिद्ध झाली आणि प्रकाशन समारंभास तत्कालीन अर्थमंत्री म्वाई किबाकी उपस्थित राहिले. ऑक्टोबरमध्ये न्गुगी वा मिरी यांच्यासह लिहिलेले ‘न्गाहिका न्देंडा’ हे गिकुयू नाटक लिमुरूजवळील कामिरीथू या खेड्यात, गावकऱ्यांनीच उभारलेल्या खुल्या रंगमंचावर सादर होऊ लागले. दीड महिन्यात त्याचा परवाना रद्द झाला आणि वर्षाच्या अखेरीस न्गुगींना विनाचौकशी स्थानबद्ध करून कामिटीच्या तुरुंगात धाडण्यात आले.

या दोन संहितांच्या आशयात एवढा फरक नव्हता, की एकीचे स्वागत आणि दुसरीस तुरुंग असा न्याय त्यावरून लागावा. स्वातंत्र्योत्तर सत्ताधारी वर्गाने भांडवलाशी संगनमत करून शेतकऱ्याला कसे नागवले, हे दोन्हींचे आशयसूत्र आहे. कादंबरीत तर या वर्गाचे चित्र अधिक विस्तृत आणि अधिक कठोर आहे. तरीही शासनाला भय वाटले ते नाटकाचे. संहितेची अर्थवत्ता तिच्या शब्दरचनेतच सामावलेली असते, असे मानणाऱ्या समीक्षेला या घटनेचा उलगडा करता येणार नाही. इंग्रजी कादंबरीचा वाचक बहुधा ज्या वर्गावर टीका होती त्याच वर्गातला होता. नाटकाचा प्रेक्षक लिमुरूच्या बुटांच्या कारखान्यातला कामगार आणि चहाच्या मळ्यातला मजूर होता. संहितेच्या तालमी चालू असतानाच या लोकांनी संवादांतली भाषा दुरुस्त केली, गाणी सुचवली, म्हाताऱ्यांनी आपल्या आठवणी पुरवल्या. लेखक आणि श्रोता यांच्यातील अंतर जिथे मिटते, तिथे टीका ही वाङ्मयीन बाब राहत नाही, हे शासनाने समीक्षकांच्या आधी ओळखले.

नाटकातील किगूंडा या शेतमजुराच्या भिंतीवर दीड एकर जमिनीचा मालकीपट्टा टांगलेला आहे. त्या कागदाला इतिहास आहे. १९५२ मध्ये आणीबाणी जाहीर झाल्यावर ब्रिटिश शासनाने माऊ माऊ बंड मोडण्यासाठी हजारो गिकुयूंना छावण्यांत कोंडले, विखुरलेल्या वस्त्या मोडून सक्तीची खेडी वसवली. कामिरीथू हे त्यांतलेच एक. त्याच काळात, १९५४ च्या स्विनर्टन योजनेखाली, जमिनीचे एकत्रीकरण होऊन वैयक्तिक मालकीची नोंद सुरू झाली. जे जंगलात किंवा छावणीत होते त्यांची बाजू मांडायला पुष्कळदा कोणी नव्हते. जे शासनाशी एकनिष्ठ राहिले त्यांचे साधले. १२ डिसेंबर १९६३ रोजी ध्वज बदलला, पण या नोंदी कायम राहिल्या. नाटकाच्या अखेरीस किगूंडाचा पट्टा आणि जमीन दोन्ही जातात. प्रेक्षकांना यात रूपक शोधण्याची गरज नव्हती.

सातत्य केवळ जमिनीपुरते नाही. आणीबाणीत वसाहती शासनाने गिकुयूंच्या स्वतंत्र शाळा बंद केल्या, गिकुयू वृत्तपत्रांवर बंदी घातली. शाळेच्या आवारात गिकुयू बोलताना सापडलेल्या मुलाला छड्या मिळत किंवा गळ्यात अपमानकारक पाटी अडकवावी लागे, ही न्गुगींच्याच पिढीची आठवण आहे. पंचवीस वर्षांनी स्वतंत्र केनियाने त्याच भाषेतल्या नाटकाविरुद्ध पाऊल उचलले. तेव्हा राष्ट्राध्यक्षपदी जोमो केन्याटा होते: १९२८ मध्ये ‘मुइग्विथानिया’ हे गिकुयू नियतकालिक संपादणारे, आणि पुढे ब्रिटिशांच्या कैदेत वर्षे काढलेले. न्गुगींची सुटका झाली ती त्यांच्या मृत्यूनंतर, १९७८ च्या डिसेंबरात.

तुरुंगात न्गुगींनी शौचकूपाच्या कागदावर ‘चायतानी मुथाराबाइनी’ ही गिकुयू कादंबरी लिहिली. येथे भाषेची निवड हा सिद्धान्ताचा विषय उरला नाही. १९६२ मध्ये माकेरेरे येथे इंग्रजीतून लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद भरली होती. पुढच्याच वर्षी ओबी वाली यांनी, परकीय भाषेतले आफ्रिकी साहित्य ही वाट बंद गल्लीत जाते, असा आक्षेप घेतला. चिनुआ अचेबे यांनी इंग्रजी वाकवून तिच्यात आफ्रिकी अनुभव पेलता येईल अशी भूमिका मांडली, आणि त्यांच्या कादंबऱ्या पाहता ती पोकळ म्हणता येणार नाही. न्गुगींची भूमिका या वादात सर्वांत टोकाची ठरली. पण ती कामिरीथूच्या प्रेक्षकांतून आणि कामिटीच्या कोठडीतून आली होती.

या भूमिकेलाही अडचणी आहेत. केनियात चाळीसहून अधिक भाषा बोलल्या जातात आणि गिकुयू ही संख्येने सर्वांत मोठ्या, सत्तेशी निकटच्या समाजाची भाषा आहे. लुओ किंवा तुर्काना वाचकाला गिकुयू कादंबरी इंग्रजीइतकीच परकी वाटू शकते. न्गुगींनी भाषांतराला भाषांमधला संवाद मानून याचे उत्तर शोधले. परंतु त्यांची स्वतःची गिकुयू पुस्तके जगभर पोचली ती मुख्यतः इंग्रजीतून, आणि २०१० पासून प्रसिद्ध झालेली आत्मचरित्रे त्यांनी इंग्रजीतच लिहिली. मे २०२५ मध्ये ते निवर्तले तेव्हा हा ताण मिटलेला नव्हता.

मराठीत देशीयतेची चर्चा करताना न्गुगींचा दाखला सहज घेतला जातो. पण मराठी अभ्यासक त्यांना वाचतो तो इंग्रजी अनुवादातून, आणि बहुधा इंग्रजीच्याच अभ्यासक्रमातून. शिवाय या चर्चेत भाषेचे मूल्य बरेचदा परंपरेच्या खोलीवर मोजले जाते. कामिरीथूचा निकष वेगळा होता: त्या भाषेत कोण बोलू लागते आणि त्यामुळे कोणाची झोप उडते. १९८२ मध्ये शासनाने तो रंगमंच पाडण्यासाठी पोलीस पाठवले. बांबू आणि लाकडाच्या त्या उघड्या बांधणीसाठी एवढी शक्ती का लागली, याचा विचार देशीयतेच्या कोणत्याही मांडणीला करावा लागेल.