कुटाशिवायचा वाढदिवस

श्रावणात वाढदिवस आला की मेनूचा निम्मा वाद पंचांगच मिटवतं. अंड्याचा केक नाही, चिकन नाही. माझ्या लेकीचा सहावा वाढदिवस श्रावणातल्या रविवारी येत होता, म्हणजे कांदा-लसणाला तरी आमच्याकडे मुभा होती. तरीही डोंबिवलीच्या आमच्या घरात त्या एका संध्याकाळच्या खाण्यावरून जेवढी बोलाचाली झाली, तेवढी माझ्या लग्नाच्या याद्या करतानाही झाली नव्हती.

सासूबाई सोलापूरच्या. शेंगदाण्याची चटणी गावाकडून येते, स्वयंपाकाला तेल लाकडी घाण्याचं, आणि भाजलेल्या दाण्यांचं कूट ओट्यावर हाताशी हवंच. त्यांच्या मते मुलांना पानावर बसवून पुरी-श्रीखंड, बटाट्याची भाजी आणि काकडीची कोशिंबीर वाढायची. नणंदेचं म्हणणं, आजकालची पोरं पुरीला हात लावत नाहीत, सरळ पिझ्झा मागवा. नवऱ्याला केटरर हवा होता, म्हणजे घरातल्या बायकांची दमछाक होणार नाही. सासऱ्यांनी भेळ सांगितली. अलिबागहून माझ्या आईचा फोन आला, नारळी पौर्णिमा तोंडावर आहे तर नारळीभात कर. ज्या मुलीचा वाढदिवस होता तिला पावभाजी हवी होती, ते तिनं सगळ्यांना सांगितलंही होतं.

हे सगळं चालू असतानाच लेकीच्या एका मैत्रिणीच्या आईचा फोन आला. त्या मुलीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. दोन वर्षांची असताना कुणीतरी कौतुकानं तिच्या हातात चिक्कीचा तुकडा दिला होता. बघता बघता ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या, श्वास लागला. दवाखान्यात ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिल्यावर ती सावरली. हे सांगून तिची आई म्हणाली, "तुम्ही काही बदलू नका हं. आम्ही तिचा डबा पाठवू. तिला सवय आहे."

सहा वर्षांच्या मुलीला मैत्रिणीच्या वाढदिवशी कोपऱ्यात बसून घरचा डबा खायची सवय आहे, हे मला ऐकवेना. मी त्यांना म्हटलं, डबा नको, ती आमच्याकडेच जेवेल.

घरी हे सांगितलं आणि खरा वाद सुरू झाला. सासूबाईंना आधी ते पटेचना. "शेंगदाण्यानं कधी कुणाला काही होतं का? आमची चार पिढ्यांची हाडं त्याच्यावर पोसलीत," असं त्या म्हणाल्या. थोडं थोडं दिलं की सवय होईल, हेही म्हणाल्या. नणंदेचा मुद्दा वेगळा होता. वीस मुलं येणार, त्यातल्या एकीसाठी सगळ्यांचं ताट का बदलायचं? उद्या एक म्हणेल मला वांगं चालत नाही, दुसरा म्हणेल टोमॅटो. मी म्हटलं, "ताई, वांगं आवडत नसेल तर पोर ते बाजूला सारतं. इथे घास बाजूला सारलेल्या हातानंही तिला त्रास होऊ शकतो." आवड आणि धोका या दोन गोष्टी एका तराजूत घालायच्या नाहीत, यावर मी शेवटपर्यंत ठाम राहिले.

दीर वाचणारे आहेत. ते म्हणाले, लहानपणापासून शेंगदाणे खायला दिले की ही ॲलर्जी होतच नाही, असं संशोधन आहे. संशोधन आहे, ते खरं आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधला हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना अशी ॲलर्जी होण्याचा धोका जास्त होता अशी ६४० बाळं त्यात होती. चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून ज्यांना नियमित शेंगदाणा दिला गेला, त्यांच्यात पाचव्या वर्षी ॲलर्जीचं प्रमाण न दिलेल्यांपेक्षा फारच कमी आढळलं. पण तो अभ्यास ॲलर्जी होऊ नये म्हणून काय करावं याचा होता. ज्या मुलीला एकदा श्वास लागून दवाखाना गाठावा लागला आहे, तिला घरच्या घरी चमचाभर कूट चाखवून बघणं म्हणजे तिच्या जिवाशी खेळ. असले उपचार करायचेच तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, वाढदिवसाच्या गडबडीत नव्हे. दीर गप्प झाले आणि नंतर सगळ्यात जास्त मदत त्यांनीच केली.

कारण मग शेंगदाणा शोधायचं काम सुरू झालं. मराठी स्वयंपाकघरात तो किती ठिकाणी आहे हे मला तोवर कळलं नव्हतं. भेळेत दाणे, चिवड्यात दाणे, कोशिंबिरीत कूट, हे डोळ्यांना दिसतं. आमच्याकडे इडलीच्या खोबऱ्याच्या चटणीतही मूठभर दाणे पडतात. पुऱ्या तळायच्या त्या तेलातही तो आहे. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेल्या शेंगदाणा तेलातलं प्रथिन जवळजवळ निघून जातं, आणि ॲलर्जी होते ती प्रथिनानं. घाण्याच्या तेलात मात्र ते शिल्लक राहू शकतं. ज्या तेलाचा आम्हाला अभिमान, नेमकं तेच तिला नको. मिक्सरचं छोटं भांडं उलटं करून बघितलं, तर पात्याखालच्या फटीत कुटाचा तपकिरी थर घट्ट बसलेला. त्यात पुदिन्याची चटणी वाटली असती तर हिरव्या चटणीत शेंगदाणा आहे असं कुणाच्या मनातही आलं नसतं.

दीर दुकानात उभं राहून पाकिटं वाचत होते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंगच्या नियमांप्रमाणे पाकीटबंद पदार्थात शेंगदाणा, दूध, अंडं, मासे, सोयाबीन वगैरे असेल तर तसं वेष्टनावर लिहावं लागतं. बारीक अक्षरात का होईना, ते असतं. सुट्ट्या फरसाणाचं तसं नाही. एका बेकरीत विचारलं तर मालक मनापासून म्हणाले, "आपल्या केकमध्ये शेंगदाणा नसतो." पण शेजारच्याच ट्रेमध्ये शेंगदाण्याची बिस्किटं होती आणि चिमटा दोन्हीकडे तोच फिरत होता. केक घरीच करायचा ठरला, कंडेन्स्ड मिल्कचा, बिनअंड्याचा.

सासूबाई दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होत्या. तेल बदलणं त्यांना फार लागलं होतं. मी त्यांना एकच विचारलं, "आई, तुम्ही पंगतीत कधी एकाला वेगळं वाढलंय का?" त्या लगेच म्हणाल्या, "छे, पंक्तिप्रपंच आपल्याकडे कधी झाला नाही." पुढे काही बोलल्या नाहीत. आदल्या रात्री मी स्वयंपाकघरात गेले तर त्यांनी कुटाचा डबा, चटणीची बरणी आणि तेलाचा कॅन पिशव्यांत बांधून माळ्यावर ठेवायला काढले होते. ओटा धुवून घेतला होता. सकाळी विळीवर बसून त्यांनी दोन नारळ खोवले आणि कोशिंबिरीत कुटाच्या जागी ओलं खोबरं घातलं. "चव वेगळी आहे, वाईट नाही," एवढंच म्हणाल्या. तेलाविषयीचं त्यांचं मत काही बदललेलं नाही.

शेवटी पानात पावभाजी, सूर्यफुलाच्या तेलात तळलेल्या पुऱ्या, श्रीखंड, ती कोशिंबीर, केक आणि कोकम सरबत. सासऱ्यांची भेळ दुसऱ्या दिवशी केली. ती मुलगी ताट घेऊन आधी आईकडे वळली, आईनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली आणि मग ती सगळ्यांच्या मधोमध बसून जेवली. पुरी तिसऱ्यांदा मागितली. तिच्या आईनं एका ताटलीत स्वतःसाठीही वाढून घेतलं आणि त्या बसल्या. एरवी अशा ठिकाणी त्या मुलीच्या मागे उभ्याच असतात, असं त्यांनीच मला सांगितलं. पर्समध्ये औषधं होती, जवळच्या रुग्णालयाचा नंबर मी भिंतीवर लावला होता. दोन्हींची गरज पडली नाही.

नणंदेला आजही वाटतं की मी जरा जास्तच केलं. त्यांच्या मुलाचा वाढदिवस डिसेंबरात असतो आणि तिथे पिझ्झा असेल, तो त्यांचा निर्णय आहे. मी फक्त एवढं सांगितलंय की त्या मुलीला बोलावणार असाल तर आधी तिच्या आईला फोन करा.

तुम्हालाही तेच सांगते. वाढदिवसाचं आमंत्रण पाठवताना वेळ आणि पत्ता लिहिता, त्याखाली आणखी एक ओळ लिहा: तुमच्या मुलाला काही चालत नसेल तर आधी कळवा. आणि कुणी कळवलं, तर त्या मुलाला डबा आणायला सांगू नका.