आजीचा टोमॅटो

परवा आईने गावाहून एक पुडी पाठवली. आजी परसात लावायची त्या गावठी टोमॅटोचं बी. मोजलं, 40 दाणे! चपटं, खाचाखाचांचं फळ, आणि आंबट असं की एक डोळा आपोआप मिटावा. आता गावात ते कुणाकडेच नाही.

म्हटलं, लावण्याआधी जाणकारांना विचारावं. शनिवारी बाईक काढली आणि पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो बाजार गाठला. मोबाईलमधला जुना फोटो दाखवत फिरलो.

"साल पातळ आहे, भाऊ. 20 किलोच्या जाळीत तळाचा माल पाणी होईल. दिल्लीला काय रस्सा पाठवू?"

दुसऱ्याने विचारलं, "चवीचे जाळीमागे किती जास्त देणार?"

गप्प बसलो. भाजीवाल्याकडे मीही टणक, गुळगुळीत टोमॅटोच निवडतो की!

एक म्हातारे काका मात्र थांबले. "हायब्रीडचं बी दरसाल विकत. याचं घरचं धरता येतं. फळ पुरतं पिकू दे, गर दोन दिवस आंबव, धुऊन सावलीत वाळव. आणि सगळं एकदम लावू नको."

शेजारच्या अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरेंनी गावठी वाणांचं बी असंच जपलं. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. माझ्याकडे गॅलरीतल्या चार कुंड्या!

असो. रोज कोडचा बॅकअप घेणाऱ्या मला हे काकांनी सांगावं लागलं. 20 दाणे लावलेत. 20 फ्रीजमध्ये, आजीच्या नावाच्या डबीत.